सगळ्यात जास्त वाजतो तो

नाही हो, कीबोर्डचे दिवे लागतात. दिव्यांची तक्रारच नाही माझी, हितेशशेठ. गणपतीच्या आधी तुमच्याकडून नेला तेव्हा लागत होते तसेच लागतात, लाल, हिरवे, निळे — तुम्ही जोडा ना वायर, जोडा, बघा. लागले? लागणारच. मी कुठं नाही म्हणतोय. कळाही सगळ्या दाबल्या जातात. मग बिघडलंय काय — हो, तेच सांगायला आलोय, कळंबहून पहिली जीप धरून आलोय, तुमचं शटर अर्धं वर होतं तेव्हापासून समोरच्या पायरीवर बसलो होतो. बिघाड आहे. म्हणजे असला पाहिजे. तुम्ही एक एक कळ दाबून बघा, मला काही घाई नाही. म्हणजे आहे थोडी, अकरापर्यंत. पण तुम्ही सावकाश बघा. बिल आणलंय, खोकंही आणलंय, आतला थर्माकोलसुद्धा ठेवलाय मी. खोक्यावर हे आग ओकणारं जनावर काढलंय ना, हे भिकादादानं पहिल्यांदा बघितलं तेव्हा हात जोडले आणि मला विचारलं, "ह्यो कंचा देव रं, रामनाथा?" मी म्हटलं, देव नाही, कंपनीचं चित्र आहे. तो म्हणाला, "मग त्वांड का उघडलंय त्येनं?" मी खोकं पालथं करून ठेवलं. तुम्ही दाबा. ती वरची रांगही दाबा.

आठवतंय का तुम्हाला, हा मी कसा निवडला ते? तुम्ही आधी तो चपटा काळा काढलात, ऑफिसवाले नेतात तो. म्हणालात, सर, बिनआवाजाचा आहे, घरच्यांना त्रास नाही. मी म्हटलं, मला आवाजाचाच हवाय. तुम्हाला वाटलं मला ऐकू कमी येतं, तुम्ही मोठ्यानं बोलायला लागलात — नाही, वाईट नाही वाटलं, कुणालाही तेच वाटलं असतं. मग तुम्ही तीन मांडलेत ह्या काउंटरवर आणि मी डोळे मिटून एकेकावर बोटं आपटली. मागं कॉलेजची दोन पोरं हेडफोन घ्यायला उभी होती, ती खुसुखुसू हसली, आणि तुमच्या सिद्धीताई कॅशवरून म्हणाल्या, "आजोबा, कोणता गेम खेळता?" मी काय बोललो असेन? काहीतरी ओशाळं बोललो असेन. चौऱ्याहत्तरावं वर्ष, भूगोलात डॉक्टरेट, जुन्नरला अठ्ठावीस वर्षं कॉलेजात शिकवलं, आणि मी भर बाजारात डोळे मिटून गेमचा कीबोर्ड बडवतोय. पण तिसरा असा वाजला, असा वाजला की शेजारच्या औषधवाल्यानं डोकं बाहेर काढलं. मी म्हटलं, हाच. सगळ्यात जास्त वाजतो तो. तुम्ही खरं ते सांगितलंत — स्वस्तातला आहे सर, ते महागडे असतात तसा अस्सल नाही, एखादं वर्ष टिकेल. मी म्हटलं, वर्ष पुष्कळ झालं. ज्याच्यासाठी घेतोय त्याला अठ्ठ्याऐंशी चालू आहे. म्हटलं होतं का मी हे तेव्हा? नसेन म्हटलं बहुतेक. मनातच म्हटलं असेन.

भिकादादा म्हणजे आमच्या गावचा. गाव म्हणजे, आता गाव नाही ते, डिंभ्याच्या धरणात गेलं. मी तिथलाच, तुम्हाला माहीत नसेल, सगळे मला जुन्नरचा समजतात, मीही समजू देतो. नदीचा उतार ओलांडला की खालची आळी, मग ओढा, ओढ्याच्या वर वरची आळी, तिथून डोंगराच्या पायापर्यंत भाताची खाचरं. प्रत्येक खाचराला नाव. नंबर नव्हे हो, नंबर माझ्याकडे सगळे आहेत, सरकारी नकाशे आहेत, त्यावरच प्रबंध लिहिलाय मी, 'डोंगरी भागातील जमीनवापर', चारशे बारा पानं. आणि त्या चारशे बारा पानांत एका खाचराचं नाव नाही. विचारायचं सुचलंच नाही मला तेव्हा. मी स्वतः ज्या खाचरात चिखल तुडवला त्याचं नावसुद्धा घातलं नाही. परीक्षकांनी कौतुक केलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, बुडालेल्या जमिनीची नावं कशाला हवीत. तसं नाही. चैत्र संपता संपता पाणी उतरतं. खालची आळी फारशी दिसत नाही कधी, पण वरची आळी उघडी पडते — बांध दिसतात, दगडांचे ओटे दिसतात. आणि आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमची सगळी घरं जिथं असतील तिथून येतात आणि आपापल्या खाचरात, आपल्याच, दुसऱ्याच्या नाही, दहीभाताचा घास ठेवतात. वाडवडिलांसाठी. दुसऱ्याच्या बांधावर ठेवलेला घास पोचत नाही असं आमच्यात मानतात. मी मानतो की नाही ते सोडा. मलाही माहीत नाही. पण कुणाचं खाचर कुठलं हे आता फक्त भिकादादाला सांगता यायचं. दरवर्षी तो पुढं चालायचा, काठीनं दाखवत, "ही रांजणखडी, ही दगडू लांड्याची; हे म्हातारीचं टिकाड, हे तुमचं रं" — आणि सगळी त्याच्या मागं ताटं घेऊन. मागच्या वर्षी त्याचे गुडघे गेले. मग तो माझ्याकडे आला, कळंबला, माझ्या घरी, आणि म्हणाला, "रामनाथा, तू शिकल्याला हायेस. लिहून घे. म्या सांगतो."

लागतेय ना ती? स्पेसबारशेजारची? लागते. बरं. नाही, मी बघतोय, तुम्ही बघा.

तर लिहून घे म्हणाला. आता हाताला कंप आहे माझ्या, हा बघा, चहाची बशी धरता येत नाही. पेननं लिहिलेलं मलाच वाचता येत नाही. म्हणून लॅपटॉप उघडला. आणि तो बोलेना. बोलेचना! दोन वाक्यं झाली की डोळे उघडून माझ्याकडे बघायचा — "लिव्हतोस का न्हाई?" लिहितोय, म्हटलं. "मग हात कुठं हालतोय? कायच वाजंना." त्या लॅपटॉपच्या कळा म्हणजे पापडावर बोट फिरवल्यासारख्या, त्यांचा आवाज कुठला? त्याला वाटायचं मी नुसता त्यात बघत बसलोय. त्याचंही बरोबर आहे. त्यानं आयुष्यात लिहिताना बघितले ते तलाठी आणि मास्तर, कागदावर टाक कुरकुरतो, शाई दिसते. म्हणून हा घेतला. आणि काय सांगू तुम्हाला, हा वाजायला लागला आणि भिकादादा सुटला. डोळे मिटायचा, आणि जायचा चालत. मनातल्या मनात हो. नदीच्या उतारापासून एक एक पाऊल, आणि जे खाचर पायाखाली येईल त्याचं नाव, धन्याचं नाव, बांधावर काय झाड ते. दर गुरुवारी, डिंभ्याहून गाडी आली तर. कधी यायची, कधी नाही यायची. आली की हा तिच्यात असायचा, मांडीवर पिशवी, पिशवीत माझ्यासाठी नाचणीचं पीठ.

दिवे त्याला आवडायचे. पण निळा नको म्हणायचा. "निळा करू नगंस, पाणी आल्यावाणी वाटतंय. तांबडा ठेव." तो रंग बदलायला मला कुठल्या दोन कळा एकदम दाबायच्या ते सापडेना, म्हणून मी तुम्हाला फोन केला, तुम्ही जेवत होता, आठवतंय? आणि भलत्या कळा दाबून ती विंडोजची, खिडकीच्या चित्राची कळच बंद पाडली होती मी, गेम खेळताना चुकून लागू नये म्हणून बंद करायची सोय असते म्हणालात, आणि मी दोन दिवस धरून बसलो होतो की मी मोडला कीबोर्ड. माझं असंच. आधी मोडला म्हणून घाबरायचं. आमच्या नूतनला, म्हणजे मंडळींना, आवाजाचा त्रास. पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुमच्या खोलीत कुणी कांदा चिरतंय का?" नंतर सवय झाली. सवयीनं कान तयार होतो, हितेशशेठ. फार तयार होतो. ते सांगतो नंतर. की नकोच सांगायला.

झाल्या सगळ्या? सगळ्या लागतात. एकशेचारच्या एकशेचार. तुम्ही दोनदा बघितल्यात.

बरं. मग असं करा. करणार असाल तर. तुमच्या बिलबुकावर, छापील नाव आहे ना वर, त्याच्यावर दोन ओळी लिहून द्या. 'सदर कीबोर्ड तपासला, त्यात दोष आढळला, त्यामुळे लिहिलेला मजकूर उमटलेला नाही.' एवढंच. खाली तुमची सही, शिक्का. नवीन नको मला. पैसे परत नकोत. हाही इथंच ठेवतो, तुम्ही विका कुणाला. नुसती चिठ्ठी. तुम्ही हसताय. नाही, हसत नाही आहात. तुम्ही सुवालालशेठचे नातू. मी लहानपणी आमच्या आईबरोबर डोंगरातून हिरडा घेऊन तुमच्या आजोबांच्या दुकानात यायचो, ते हिरडा ओंजळीत घेऊन नाकाशी धरायचे आणि ओला असेल तर ओला म्हणायचे, वाळला असेल तर वाळला. तुम्हाला असं काही लिहायला सांगणं — मला कळतंय. पण अकराला तो येतोय.

भिकादादा. इथं. तुमच्या दुकानात. कारण मीच म्हटलं तसं! परवा आखिती. त्याचा चार दिवसांपूर्वी फोन आला, नातसुनेनं लावून दिला, आरतीनं — "रामनाथा, वरच्या आळीचं वाचून दाखीव. एकदा कानांवरनं जाऊ दे. मग तूच वाच तिथं समद्यांफुडं, म्या बसून ऐकतो." आणि माझ्या तोंडून गेलं, अहो नुसतं गेलं, की यंत्र बिघडलंय, मंचरला दुकानात टाकलंय. मला वाटलं, दोन दिवस मिळतील. तो म्हणाला, "मग बरंच हाय की, मला बी बीपी दाखवायला मंचरला यायचंय. म्या दुकानातच येतो. शेठला सांग, नीट करून ठेव म्हणावं." आता काय करता!

काय उमटलं नाही, म्हणजे? असं विचारू नका. बरं, विचारा. पेनड्राइव्ह आहे खिशात. उघडा. 'खाचरं' नावाची फाइल. उघडा, उघडा. वरची सहा पानं वाचा, ती बरोबर आहेत, त्रेचाळीस नावं आहेत, खालची आळी, ओढ्यापर्यंत. आता खाली जा. आणखी खाली. वाचा ना — 'सदफकजल सदफकजल हजकल'. पुढं? तसंच. त्याच्या पुढं? चौदा पानं तसंच आहे. मी त्याला म्हणतोय दोष. कीबोर्डात गुंतागुंत झाली असेल, कळा एकमेकींत शिरल्या असतील. असं होतं ना? स्वस्तातल्या कीबोर्डात होतं ना असं कधी कधी? एकदम पुष्कळ कळा दाबल्या की कुठली तरी भलतीच लागते? नाही होत. चौदा पानं नाही होत.

तुम्ही माझ्याकडे असं बघू नका, हितेशशेठ. बोटं तर बघा ना कुठल्या कळांवर आहेत ती! मधली रांग. हात ठेवले की जिथं आपोआप पडतात तिथं. तुम्हाला कळलंच असेल, तुम्ही रोज बघता.

मी दोन बोटांनी लिहितो. आणि तो चालायच्या वेगानं सांगायचा. चौथ्या गुरुवारी आम्ही ओढ्याशी आलो, आणि मी मागं पडलो, तीन नावं मागं. म्हटलं, "भिकादादा, थांब, जांभळीचं खाचर उजवीकडं की डावीकडं?" एवढंच म्हटलं. त्यानं डोळे उघडले. आणि त्याला काही कळेना तो कुठं आहे. माझी खोली, पंखा, कॅलेंडर, सगळीकडं बघत राहिला. मला म्हणाला, "मोडलंस रं. आता पुन्यांदा उतारापासनं यावं लागंल." आणि आला तो, खरंच आला, पहिल्यापासून सगळं, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस, ओढ्यापर्यंत येईस्तोवर घामानं भिजला, आणि त्या दिवशी त्याच्या पुढं पाऊल पडलं नाही. नूतननं साखरपाणी दिलं. तेव्हा मी ठरवलं की आता ह्याला थांबवायचं नाही. काही झालं तरी. पण मी लिहिताना थांबलो की आवाज थांबायचा, आणि आवाज थांबला की तो विचारायचा, "वाजंना का रं?" मग मी काय करू? फोन ठेवला टेबलावर, रेकॉर्डिंग लावलं. म्हटलं, बोलणं ह्याच्यात येईल, सावकाश ऐकून लिहू. आणि तोवर नुसते हात चालवायचे. तीन गुरुवार. तो वरच्या आळीतून चालत होता, बांधावर बांध, आणि मी त्याच्या समोर बसून हे — सदफकजल. त्याला बरं वाटावं म्हणून. मध्येच मी जरा थांबायचोसुद्धा, ओळ संपल्यासारखा. पुन्हा सुरू.

रेकॉर्डिंग आहे ना! आहे. हा घ्या फोन. तुमचे ते मोठे हेडफोन लावा, ते भारीतले. लावा आणि ऐका. काय येतंय? टकटक. बाकी? नीट ऐका. मागं कुणीतरी बोलतंय असं वाटतं ना, भिंतीपलीकडं? तो भिकादादा. फोन कुठं ठेवला होता मी? कीबोर्डच्या शेजारी. त्याच टेबलावर. सगळ्यात जास्त वाजणारा कीबोर्ड मीच निवडला, डोळे मिटून, ह्याच काउंटरवर, आणि त्याच्या शेजारी फोन ठेवला मी. पीएच.डी.! पुण्यात एका स्टुडिओत देऊन बघितलं. त्यांनी टकटक पुसली, तर तिच्याबरोबर भिकादादाही पुसला गेला. 'आंबा' एवढा एक शब्द नीट लागतो. आंबा तर सगळ्यांच्याच बांधावर होता.

आणि मी ते ऐकलं कधी? होळी झाल्यावर. चार महिन्यांनी. आधी का नाही ऐकलं? रोज ठरवायचो. फोन हातात घ्यायचो आणि वाटायचं, नसलं आलं तर? मग ठेवून द्यायचो. जोवर ऐकत नाही तोवर ते आहे, असं काहीतरी. इतक्या मुलांच्या प्रबंधांवर मी लाल शाईनं लिहिलंय, 'आधारसामग्री वेळीच तपासावी'.

पुन्हा विचारू त्याला? विचारलं हो. सुचलं नसेल का मला? जानेवारीत तो पडला अंगणात, डोक्याला मार लागला, फार नाही, चार टाके. मी डिंभ्याला भेटायला गेलो. सहज विचारल्यासारखं केलं, म्हटलं, भिकादादा, ते ओढ्याच्या वरचं पहिलं कुठलं रे? तो हसला. इतका मोकळा हसला. म्हणाला, "आता न्हाई बा ध्यानात. ते लई जड झालं व्हतं डोस्क्यात, धा वर्सं घिऊन फिरत व्हतो, कुनाला द्यावं म्हनून. तुला दिलं आन सोडून दिलं म्या. आता झ्वाप लागती." असं म्हणाला. झोप लागते म्हणाला. आरती म्हणाली, खरंच आहे काका, पडायच्या आधीपासूनच बाबा निवांत झालेत. त्यानं विसरायचं ठरवलं माझ्या भरवशावर, हितेशशेठ. मी टकटक करत होतो आणि तो समोर बसून एक एक खाचर सोडून देत होता.

आणि आता हेही सांगूनच टाकतो. नूतनला माहीत होतं. होळीनंतर मी तिला सांगायला गेलो, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुम्ही लिहिता तेव्हा थांबत थांबत वाजतं. त्या तीन गुरुवारी एकसारखं वाजत होतं." भिंतीपलीकडून कळलं तिला. मग समोर बसलेल्याला कळलं नसेल? डोळे मिटलेल्या माणसाला? पाऊस कुठल्या पानावर पडतोय ते आवाजावरून सांगायचा तो. रोज विचारतो मी स्वतःला. कळलं असेल तर तो बोलला का नाही? आणि कळूनही सांगत राहिला असेल तर — नाही, तिकडं मी जात नाही. तिकडं गेलो की मला बसवत नाही.

काय लिहिताय तुम्ही? चिठ्ठी? अहो — लिहिलीत? मी म्हटलं म्हणून लिहिलीत? द्या बघू. 'सदर कीबोर्ड तपासला असता...' अक्षर छान आहे तुमचं. शिक्काही मारलात. सुवालालशेठनी मारला नसता. नाही, तुम्हाला बोल नाही लावत, तुमचं मन मोठं आहे, म्हाताऱ्याची दया आली तुम्हाला. झालं तर मग. हे त्याला दाखवायचं. तो म्हणेल, यंत्राचा दोष, तू काय करणार रामनाथा. चहा घेऊ. आखितीला घास ठेवतील कुठंतरी, अंदाजानं.

पण त्याला वाचता कुठं येतं.

म्हणजे हे त्याला वाचून कोण दाखवणार? तुम्ही? तुमच्यावर तो का विश्वास ठेवील, तुम्हाला तो ओळखतही नाही. मीच वाचणार. असं हातात धरून. मी ह्याच्या आधी एकदा त्याला कागद वाचून दाखवलाय, हितेशशेठ. सरकारी कागद होता, धरणाच्या जमिनीचा. अकरा पानं. मी नुकता कॉलेजात लागलेला, बत्तीस वर्षांचा, गावातला पहिला पँटवाला. सगळा गाव देवळात बसला होता आणि मी वाचत होतो. चार पानं वाचली. मग उजेड कमी झाला, मला जुन्नरची शेवटची गाडी धरायची होती, आणि भाषा अशी की वाचणाऱ्याचा जीव जावा. मी बाकीची चाळली आणि म्हटलं, पुढं नेहमीचंच आहे. उठवा अंगठे. सगळ्यात आधी भिकादादानं उठवला. त्याला बघून बाकीच्यांनी. पुढच्या पानांत होतं की वरची आळीही घेणार, आणि काही हरकत असेल तर तीस दिवसांत कळवावी. ते कळलं कधी? खुंट्या ठोकायला माणसं आली तेव्हा. हरकत घेतली असती तर पाणी थांबलं असतं असं नाही. नसतंच थांबलं. पण घेता आली असती. माझ्या तोंडून ते पान वाचलं गेलं असतं तर घेता आली असती. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. नूतनलाही नाही. सगळ्यांना वाटतं की कागदातच तसं नव्हतं, सरकारनं नंतर घुसडलं. मी तसं वाटू दिलं. चाळीस वर्षं झाली. त्याचं स्वतःचं खाचर वरच्या आळीत होतं. कसलं नाव सांगितलं होतं त्यानं त्याचं — सांगितलं असणार ना, त्या तीनांतल्याच एका गुरुवारी, माझ्या समोर बसून, आणि मी ऐकलंही नाही. मी वेळ मोजत होतो. ओळ संपल्यासारखं कधी थांबायचं ते मोजत होतो.

हे घ्या. नको मला. तुमच्याकडेच ठेवा — नाही, ठेवू नका, कुणाच्या हाती लागेल, तुमचं नाव आहे त्याच्यावर. फाडा. माझ्यासमोर फाडा. नाहीतर मी मागून घेईन पुन्हा, माझा भरवसा नाही.

घोडेगावकडची, डिंभ्याची गाडी लागलेली दिसतेय. लवकर आली आज. नेमकी आज. ती बघा, आरती, हिरव्या साडीतली, आणि तिच्या हाताला धरून — केवढासा झालाय हो. टोपी नवीन घातलीय. एक स्टूल असेल का? पंखा जरा कमी करा, त्याला वारा सोसत नाही. आणि ते दिवे बंद — नाही, राहू द्या. राहू द्या तसेच.

ये, आरती, सावकाश. पायरी आहे. भिकादादा, इकडं, इथं बस. हो, हेच दुकान. हो, हे शेठ. हो रे, हेच आपलं यंत्र. नाही, बिघडलं नव्हतं. चांगलं आहे. पहिल्यापासून चांगलं होतं. हितेशशेठ, तुम्ही गिऱ्हाईक बघा तुमचं, ते बाहेर कुणीतरी उभं आहे. आमचं आम्ही बघतो. जा तुम्ही.

वाचतो, थांब. आधी ऐक, भिकादादा. डोळे मिटू नको. माझ्याकडं बघ. ओढ्याच्या वरचं मी काही लिहिलेलं नाही. एकही खाचर लिहिलेलं नाही. मी नुसता वाजवत होतो.